मागच्या अंगणातले वाफे: सोबतीच्या लागवडीच्या नोंदी (ऑगस्ट २०२४ ते मार्च २०२५, इंदूर)

४ ऑगस्ट २०२४

पाऊस आज जरा उघडलाय म्हणून लिहायला बसले. यंदा मागच्या अंगणातले चारही वाफे सोबतीच्या लागवडीने करायचे ठरवलंय, म्हणजे एका वाफ्यात एकच भाजी न लावता एकमेकींच्या कामी येतील अशा दोन-तीन गोष्टी शेजारी शेजारी लावायच्या. याचे तक्ते नेटवर ढिगाने मिळतात, टोमॅटोचा मित्र कोण, गाजराचा शत्रू कोण, पण त्यातले बहुतेक थंड मुलखातले आहेत आणि मित्राला लावायचं कधी हे त्यात कुठेच नसतं. मला वाटतं खरी मेख तिथेच आहे. झेंडू टोमॅटोला चांगला हे मान्य, पण टोमॅटोला फळं धरली, अळी येऊन भोकं पाडून गेली आणि मग झेंडू फुलला तर काय उपयोग त्याचा.

म्हणून आज फक्त झेंडू पेरला. बंगळुरूला फलोत्पादनाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, आयआयएचआर, त्यांची शिफारस अशी की टोमॅटोच्या १६ ओळींमागे उंच झेंडूची १ ओळ लावायची आणि लावणीच्या वेळी झेंडूचं रोप ४० ते ४५ दिवसांचं हवं, टोमॅटोचं मात्र २५ दिवसांचं. असं केलं की दोघांचा फुलोरा एका वेळी येतो. फळ पोखरणाऱ्या अळीचा, म्हणजे हेलिकोव्हर्पाचा पतंग अंडी घालायला झेंडूच्या कळ्याफुलांकडे जास्त ओढला जातो, टोमॅटो त्यातून वाचतो. माझे वाफे चार बाय आठ फुटांचे, त्यात १६ ओळी कुठून येणार, पण वयातला हा फरक घरच्या वाफ्यातही पाळता येतो की.

वाफ्यांची वाटणी ठरली. पहिल्यात टोमॅटो, कडेने झेंडू आणि कोपऱ्यात सब्जा. दुसऱ्यात नुसता टोमॅटो, तेच बी, तेच खत, तेवढंच पाणी, म्हणजे शेवटी तुलना करायला काहीतरी राहील (घरचे सगळे म्हणतायत की एक वाफा का वाया घालवतेस, पण तुलनेला काही नसेल तर सोबतीने फायदा झाला हे सांगणार कशाच्या जोरावर). तिसऱ्यात कोबी-फ्लॉवर, चौथ्यात गाजर-मुळा-मटार.

२४ ऑगस्ट

टोमॅटो पेरला, पोर्चखाली ट्रेमध्ये, कोकोपीट आणि चाळलेलं कंपोस्ट निम्मं निम्मं. उघड्यावर ठेवला तर या पावसात बुडाशी कुजून रोपं आडवी होतात. झेंडूची रोपं बोटभर झालीत, दाटी काढून टाकली.

मिरचीच्या कुंड्यांभोवती जुलैत मक्याच्या दोन ओळी लावल्या होत्या त्या आता छातीपर्यंत आल्यात. मका कणसासाठी नाही लावलेला, तो आडोसा आहे. पांढरी माशी आणि फुलकिडे वाऱ्याबरोबर येतात आणि समोर जे पहिलं हिरवं लागेल त्यावर बसतात, ते मक्यावर अडकतात. माव्याच्या बाबतीत तर अजून एक गोष्ट होते, तो काही व्हायरस सोंडेच्या टोकावर घेऊन फिरतो आणि मक्यावर सोंड खुपसली की ते तिथेच पुसले जातात, मिरचीपर्यंत पोचेतो सोंड साफ. चुरडा-मुरडा, म्हणजे मिरचीची पानं आकसवणारा व्हायरस, पांढऱ्या माशीतून येतो, तिच्या बाबतीत असं पुसलं जात नाही, तिथे मका फक्त भिंतीचं काम करतो. मिरचीच्या शेतात चहूबाजूंनी मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी लावायला कृषी खातंही सांगतं. अजून तरी मिरचीची पानं सरळ आहेत.

१२ सप्टेंबर

महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं, निर्माल्य सगळं कंपोस्टमध्ये गेलं. ढीग आज शेवटचा उलटला, खाली चहापत्तीसारखं काळं भुसभुशीत झालंय आणि वास पहिल्या पावसाचा येतोय.

आपल्या इंदूरला राहून कंपोस्टबद्दल लिहायचं आणि हॉवर्डसाहेबाचं नाव घ्यायचं नाही असं कसं होईल. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे, आणि यशवंत वाड यांच्याबरोबर काम करून पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ठरावीक वेळी उलटून साधारण तीन महिन्यांत खत करायची रीत बसवली. जगभर ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. १९३५ मध्ये गांधीजी इथे आले तेव्हा मुद्दाम ती बघायला गेले होते. इथे जन्म काढलेल्या कितीतरी लोकांना हे माहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि याचा माझ्या वाफ्यांशी सरळ संबंध आहे. हॉवर्डचं म्हणणं असं की कीड हे मूळ दुखणं नाही, पीक कुठेतरी कमी पडतंय हे ती दाखवून देते, किडींना तो आपले शिक्षक मानायचा. झेंडू लावा, मोहरी लावा, जमीन उपाशी असेल तर कुठलीच सोबत पुरी पडत नाही. आपली काळी माती तर पावसात चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वाफे वीतभर उंच केलेत, प्रत्येकात चार घमेली कंपोस्ट आणि थोडी निंबोळी पेंड मिसळली. दोन्ही टोमॅटोच्या वाफ्यांत अगदी मोजून सारखं.

१८ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी, रात्रभर झाँक्या (मिरवणुकीतले देखावे) बघून घरातले सगळे झोपलेले, मी संध्याकाळी ऊन उतरल्यावर लावणी केली. झेंडूची रोपं ४५ दिवसांची, टोमॅटोची २५ ची, ठरवल्याप्रमाणे. टोमॅटो दोन-दोन फुटांवर. झेंडू दक्षिणेच्या कडेला लावला नाही, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि उंच झेंडूची सावली सगळी टोमॅटोवर पडली असती. पूर्व-पश्चिम कडांना लावला. सब्जा दोन कोपऱ्यांत. परदेशी तक्त्यांमध्ये टोमॅटोजवळ बेसिल म्हणतात ते आपल्या देव्हाऱ्यासमोरची तुळस नाही, फालुद्यातल्या सब्ज्याचं झाड म्हणजे ते बेसिल, किराणा दुकानातला सब्जा पेरला तरी छान उगवतो. फुलला की मधमाश्या सोडत नाहीत त्याला.

शेजारच्या भाभींनी भिंतीवरून बघितलं, म्हणाल्या, "इतना गेंदा? दिवाली की तैयारी अभी से?" त्यांना अळीचं सांगितलं तर त्यांनी लगेच उरलेली रोपं मागून घेतली.

२८ सप्टेंबर

तिसऱ्या वाफ्याच्या दोन्ही कडांना मोहरी पेरली. कोबी अजून पंधरा दिवसांनी लावायचा. हेही गणित ठरलेलं आहे, कोबीच्या शेतात मोहरीची एक ओळ कोबीच्या १५ दिवस आधी आणि दुसरी ओळ कोबी लावल्यावर २५ दिवसांनी, म्हणजे पहिली मोहरी निबर होईपर्यंत दुसरी कोवळी तयार असते. चौकोनी ठिपक्यांचा पतंग, ज्याची हिरवी अळी कोबीच्या पानांची चाळण करते, तो कोबीपेक्षा मोहरीवर जास्त अंडी घालतो. मोहरी आधी उगवलेली नसेल तर तो कोबीवरच जाणार.

त्याच वाफ्याच्या एका टोकाला धने आणि शेपू पेरले, खायला नाही, फुलायला सोडायचे म्हणून. आई (माझ्या सासूबाई) खुर्ची टाकून बघत होत्या, त्या म्हणाल्या, "अगं आमच्याकडे हरभऱ्यात धने पेरायचेच, सगळ्या माळवा प्रांतात पेरायचे, त्याला कुणी काही नाव नव्हतं दिलेलं." त्यांचं माहेर देवासकडचं. मी त्यांना विचारलं की का पेरायचे तर म्हणाल्या घरचे धने होतात आणि हरभऱ्याला अळी कमी लागते. हरभऱ्याची घाटे अळी आणि टोमॅटोतली फळ पोखरणारी अळी एकच, तीच हेलिकोव्हर्पा. धन्याच्या फुलातला मध घ्यायला बारीक गांधीलमाश्या येतात आणि त्या या अळीच्या अंगात अंडी घालतात, पुढे अळी आतून संपते. धन्याची, शेपूची, बडीशेपेची फुलं छत्रीसारखी पसरट आणि उथळ असतात म्हणून एवढ्याशा तोंडाच्या माश्यांनाही मध मिळतो. आईंच्या माहेरचं ज्ञान आणि पुस्तकातलं कारण असं एका जागी भेटलं की मला फार आनंद होतो. गव्हात मोहरी, ज्वारीत तूर, हल्ली सोयाबीनमध्ये तूर, ही सगळी सोबतीचीच लागवड आहे, आपण तिला बागेत आणायचं विसरलो एवढंच.

१३ ऑक्टोबर

कोबी-फ्लॉवर लावले. मोहरी चार बोटं वर आलीय. मधल्या जागेत लसूण टोचला, त्याचा वास कोबीची कीड पळवतो असं म्हणतात, त्यावर माझा फारसा भरवसा नाही पण जागा रिकामी ठेवण्यापेक्षा बरा, पातळ पानाचा आहे, सावली करत नाही.

चौथा वाफा: उत्तरेच्या कडेला सुतळीची जाळी बांधून मटार, पुढे गाजर आणि मुळा एकाच ओळीत मिसळून. गाजर उगवायला दहा-पंधरा दिवस घेतं, मुळा चार-पाच दिवसांत वर येतो, त्यामुळे ओळ कुठे आहे ते लगेच कळतं आणि खुरपताना गाजराचं बी उखडलं जात नाही. महिना-सव्वा महिन्यात मुळा उपटला की गाजराला फुगायला जागा होते. मला विचाराल तर नवीन माणसाने सोबतीच्या लागवडीची सुरुवात या जोडीपासूनच करावी, यात कीड, वास, मैत्री काही नाही, नुसती वेळेची आणि जागेची वाटणी आहे आणि ती हमखास जमते.

२७ ऑक्टोबर

झेंडू भरात आहे आणि टोमॅटोलाही पिवळी फुलं लागलीत, दोन्ही बरोबर. ठरवलेलं असं जमून आलं की दिवसातून चार वेळा जाऊन बघावंसं वाटतं.

दिवाळी चार दिवसांवर. आईंना तोरणाला फुलं हवीत. सगळी तोडली तर पतंग परत टोमॅटोकडे वळणार, म्हणून असं ठरलं की रोज सकाळी पूर्ण उमललेली निम्मी फुलं त्यांनी घ्यायची आणि तोडताना प्रत्येक कळी वाकवून बघायची. ज्या कळीला भोक आहे किंवा पाकळ्यांत विष्ठेचे काळे दाणे दिसतात ती वेगळ्या वाटीत, साबणाच्या पाण्यात. हे न करता झेंडू नुसता लावून सोडून दिला तर तो अळ्यांचं पाळणाघर होतो, तिथे मोठ्या झाल्या की टोमॅटोवरच जातात. सापळा लावला की तो रिकामा करावा लागतो, बहुतेक तक्त्यांमध्ये हे नसतं. आई आता चष्मा लावून रोज सकाळी हे काम करतात, माझ्यापेक्षा बारकाईने.

७ नोव्हेंबर

मोहरीची दुसरी ओळ पेरली. मुळा उपटायला सुरुवात. मेथी विस्कटून टाकली रिकाम्या जागी.

१७ नोव्हेंबर

आज सकाळी मोहरीच्या पानांखाली बघितलं. पानाला बारीक बारीक खिडक्या पडलेल्या, म्हणजे खालचा हिरवा भाग खाल्लेला आणि वरचा पारदर्शक पापुद्रा तसाच. अळी जेमतेम नखाएवढी, पोपटी, दोन्हीकडे निमुळती. काडीने हात लावला की जोरजोरात वळवळत मागे सरकते आणि पानावरून उडी टाकते, पण खाली पडत नाही, एका बारीक धाग्याला लटकून राहते आणि धोका टळला की धागा धरून परत वर चढते. मी एका अळीकडे बराच वेळ बघत बसले. हीच कोबीची ती अळी. कीटकनाशकांना लवकर दाद न देणाऱ्या किडींमध्ये तिचं नाव जगात फार वर आहे, म्हणून तर तिच्यावर फवाऱ्याआधी सापळा.

कोबीवर? आहेत, पण थोड्या, मोहरीवर भरपूर. जास्त खाल्लेली मोहरीची झाडं उपटून बादलीत बुडवली. कोबीवर निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, दोन थेंब लिक्विड सोप घालून, संध्याकाळी.

६ डिसेंबर

मोहरीच्या शेंड्यांवर मावा, राखाडी-हिरवा, देठ दिसेनासा झालाय. नवरा म्हणाला मारून टाक फवारून. मी थांबले. धने आणि शेपू फुललेत, आणि त्यांच्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या छोट्या माश्या हवेत एका जागी थांबून थांबून बसतायत, सिरफिड माश्या. मधमाशी वाटतात पण डंख नाही. त्यांची अळी मी आज भिंग घेऊन शोधली, माव्याच्या गर्दीतच मिळाली: डोळे नाहीत, पाय नाहीत, अर्धपारदर्शक, तोंड इकडेतिकडे आपटत चाललेली. एक मावा सापडला की त्याला उचलून धरते, शोषून घेते आणि रिकामं कातडं टाकून पुढे. लेडीबर्डची काळी-नारिंगी पिल्लंही आहेत. मोठ्या माशीला मध-पराग लागतो, पिल्लाला मावा लागतो, म्हणजे फुलंही हवीत आणि मावाही थोडा हवा, दोन्ही एका वेळी. मावा पूर्ण मारून टाकला तर या माश्या इथे अंडी घालणारच नाहीत. फवारा नाही मारला.

आठ-दहा दिवसांनंतर भर (१५ डिसेंबर): शेंड्यांवर आता बहुतेक रिकामी पांढरी कातडी आणि काही फुगलेले तपकिरी मावे, ज्यांच्या आतून बारीक गांधीलमाशी निघून गेलीय, पाठीला गोल भोक. कोबी स्वच्छ.

२९ डिसेंबर

थंडी चांगलीच, सकाळी धुकं, ढगाळ हवा. बाजारात गराडू (हिवाळ्यात तळून खातात तो कंद) आलाय. टोमॅटोच्या खालच्या पानांवर गोल गोल वर्तुळांचे तपकिरी डाग, करपा. दोन्ही वाफ्यांत सारखाच आहे आणि हे लिहून ठेवणं महत्त्वाचं, झेंडू किंवा सब्जा बुरशीवर काहीही करत नाही. खालची वीतभर पानं काढून टाकली, बुडाशी वाळलेला पालापाचोळा पसरला म्हणजे पाणी घालताना माती उडून पानांवर जाणार नाही, आणि झारीने वरून पाणी घालणं बंद. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते ड्रममध्ये भरून मगाने बुडाशीच घालतोय.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. गाजरं, मटार, कोबी सगळं घरचं. भोगीची भाजी काल घरच्या गाजर-मटार-मेथीची झाली, वांगी तेवढी बाजारची.

मटारची संपलेली दोन झाडं खणून काढली. मुळांवर गाठी, नखाने एक फोडली तर आत गुलाबी, म्हणजे रायझोबियमचं, हवेतला नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचं, काम चालू होतं. पण मटार उभा असताना शेजारच्या गाजराला त्यातला नत्र फारसा मिळत नाही, तो त्याने स्वतःसाठी बांधलेला असतो. मुळं-पाला मातीत कुजले की मगच पुढच्या पिकाला मिळतो. म्हणून मटार उपटायचा नाही, जमिनीलगत कापायचा, मुळं आत राहू द्यायची आणि पाला वरच पसरायचा.

९ फेब्रुवारी

टोमॅटोचा भर ओसरतोय. झेंडूच्या वाफ्यात भोक पडलेली फळं क्वचित निघाली, एकट्या टोमॅटोच्या वाफ्यात जवळजवळ प्रत्येक तोडणीत निघायची. फळांची एकूण संख्या दोन्हीकडे साधारण सारखी. एका अंगणातला एकच सीझन आहे, वाफे जवळ जवळ आहेत, यावरून मी कुणाला शपथेवर सांगणार नाही, पण पुढच्या वर्षी झेंडू नक्की आणि असाच आधी पेरून. शेजारच्या भाभींकडेही फळं चांगली निघाली, त्या वेळेच्या बाबतीत एकदम पक्क्या झाल्यात, मलाच विचारतात की वांग्याला काय आणि किती दिवस आधी.

१६ मार्च

दोन्ही टोमॅटोचे वाफे मोकळे केले. आणि मुळं बघून काळजी वाटली. दोन्हीकडच्या मुळांवर गाठी आहेत, मटारच्या गाठींसारख्या मुळाच्या कडेला चिकटलेल्या नाहीत, मूळच जागोजागी सुजलेलं, बोटाने सुटत नाहीत. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत घुसणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत. झेंडूच्या शेजारच्या टोमॅटोलाही तेवढ्याच.

झेंडूने सूत्रकृमी जातात हे खरं आहे, त्याच्या मुळांत अल्फा-टरथायनिल नावाचं द्रव्य असतं ते त्यांना मारक असतं, पण कडेला लावलेल्या पाच-सहा झाडांची मुळं वाफाभर पोचत नाहीत. त्यासाठी आख्खा वाफा फक्त झेंडूचा हवा, दाट, वीत-वीत अंतरावर, निदान दोन महिने, आणि तो टोमॅटोच्या आधी, बरोबर नव्हे. याला बुटका फ्रेंच झेंडू जास्त चांगला. म्हणजे अळीसाठी उंच झेंडू टोमॅटोबरोबर फुललेला हवा आणि सूत्रकृमीसाठी बुटका झेंडू आधी येऊन गेलेला हवा, एकाच झाडाची दोन कामं आणि दोन वेगळ्या वेळा.

पुढचं ठरलं. एप्रिल-मेमध्ये हे दोन्ही वाफे पाणी देऊन पारदर्शक प्लास्टिकने घट्ट झाकायचे, पाच-सहा आठवडे, आपल्या ४० च्या वरच्या उन्हात माती चांगली तापते. जूनमध्ये पाऊस पडला की दोन्हीकडे फ्रेंच झेंडू दाट, ऑगस्टअखेर तो तिथेच कापून मातीत गाडायचा. पण टोमॅटो यंदा तिथे नाही, मिरची-वांगी-बटाटाही नाही, ते सगळे एकाच कुळातले, सूत्रकृमींना सगळे चालतात. टोमॅटो चौथ्या वाफ्यात जाईल, मटारचा नत्र तिथे आहेच, पण आधी तिथल्या मटार-गाजराची मुळंही सुजलीत का ते खणून बघणार. टोमॅटोच्या या दोन वाफ्यांत कांदा-लसूण. उंच झेंडूचं बी आईंनी वाळवून डबीत भरलंय, डबीवर पेरायची तारीख त्यांनीच लिहिलीय: ४ ऑगस्ट.